कॅनॉलवरचं पळणं

आमच्या गावात मोठ्या माणसानं पळायची दोनच कारणं. एक तर जनावर दावं तोडून कुणाच्या तरी उभ्या पिकात शिरलेलं असतं, नाही तर फाट्यावरची एस.टी. सुटायला लागलेली असते. तिसऱ्या कारणासाठी पळणारा माणूस दिसला की लोक हातातलं काम टाकून विचारतात, "काय झालं? कोण गेलं?" २०१७ सालच्या फेब्रुवारीत मी पहाटे कॅनॉलच्या पट्टीवरनं पळायला लागलो, तेव्हा पहिल्या आठवड्यात तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. एक जण तर मोटरसायकल घेऊन मागं आला. म्हणाला, "बसा नाना, सोडतो. कुठं जायचंय?"

माझं वय तेव्हा ५८. शिक्षण दहावी. अकरावीची जुनी मॅट्रिक बंद होऊन दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली, त्या पहिल्या खेपेतला मी. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. धोमच्या कॅनॉलचं पाणी आल्यापासून आलं, ऊस आणि थोडा घेवडा अशी शेती. शाळेत असताना उशीर झाला की अनवाणी पळत सुटायचो, तेवढंच माझं पळणं.

निमित्त झालं साखरेचं. संक्रांतीनंतर अशक्तपणा वाटायला लागला म्हणून रक्त तपासलं, तर साखर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "रोज चालता किती?" मला हसू आलं. म्हटलं, "साहेब, मी शेतकरी आहे." ते म्हणाले, "ते कळलं. पण चालता किती?"

घरी आल्यावर मी खरंच हिशेब केला आणि गप्प झालो. बैलजोडी २००९ साली विकली. नांगरट ट्रॅक्टरनं होते. रानात जायला मोटरसायकल. विहिरीवरची मोटर मोबाइलवरनं चालू होते, पाणी ड्रिपनं जातं. शेती होती, पण चाल संपली होती. आमचे आबा नांगर धरायचे तेव्हाची गोष्ट आठवली. नांगराचं एक तास नऊ इंच रुंद धरलं, तर एक एकर नांगरून होईपर्यंत बैलांच्या मागं सतरा-अठरा किलोमीटर चाल होते. मी कागदावर गणित करून बघितलं. म्हणजे आबा एकरामागं जवळजवळ अर्धी मॅरेथॉन चालत होते, तीही ढेकळांतनं. त्यांना कुणी मेडल दिलं नाही.

मग चालायला लागलो. महिन्याभरानं चालता चालता पळून बघितलं. विजेचे दोन खांब पळायचं, दोन खांब चालायचं. दुसऱ्या खांबापाशी छाती भात्यासारखी व्हायची.

कॅनॉलवर पहाटे पोरं असायची. आमच्या भागात पोलीस आणि मिलिटरी भरतीची तयारी करणारी पोरं प्रत्येक गावात असतात. पोलीस भरतीला १६०० मीटर पळावं लागतं, त्याचा सराव चाललेला असतो. त्यात माझा पुतण्या होता. थोरल्या भावाचा पोरगा.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. थोरल्याचं आणि माझं बोलणं २००६ पासून बंद होतं. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळीवरनं शब्द वाढला, त्यात बांधाचं निघालं, आणि मग दोन्ही घरांतली माणसं रस्त्यानं एकमेकांना ओलांडून जायला लागली. मधल्या काळात आई गेली. दहाव्याला आम्ही दोघं भाऊ नदीच्या घाटावर दहा फुटांवर उभे होतो आणि कावळा शिवायची वाट बघत एकमेकांकडं न बघता थांबलो होतो. तेव्हाही बोललो नाही.

पण कॅनॉलवर पहाटेच्या अंधारात घरची माणसं नसतात. एक दिवस पुतण्या पळत पळत माझ्या बाजूला आला आणि म्हणाला, "नाना, लय जोरात पळताय. पळताना बोलता आलं पायजे. बोलताना दम लागला तर समजायचं, आपला वेग न्हवं तो." मी म्हटलं, "बोलू कुणाशी?" तो म्हणाला, "माझ्याशी बोला की."

मग आम्ही बोलत पळायला लागलो. पिकाचं, पावसाचं, त्याच्या भरतीचं. त्याच्या बापाचा विषय दोघंही काढत नव्हतो.

पुण्याकडं चाकणला कंपनीत असलेल्या माझ्या पोराला हे कळलं आणि त्यानं मला न विचारता सातारा हिल हाफ मॅरेथॉनला माझं नाव घातलं. २०१२ पासून ही स्पर्धा भरते. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, ही त्याच्या निम्मी, २१ किलोमीटर आणि वर शंभर मीटर. पोलीस परेड ग्राउंडवरनं सुटायचं, गावातनं समर्थ मंदिराकडं यायचं, मग यवतेश्वराचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि माघारी त्याच वाटेनं खाली. बायकोनं ऐकलं आणि म्हणाली, "यवतेश्वर? तिथं तर आपली गाडीसुद्धा पहिल्या गियरला घ्यावी लागते."

तयारीला एक अडचण होती. कॅनॉलची पट्टी आमच्या घरापासनं तीन किलोमीटरवर थोरल्याच्या वस्तीजवळनं जाते. तिथं त्याचं कुत्रं. काळं, कान उभे, पळणारा माणूस दिसला की पिसाळल्यासारखं अंगावर यायचं. पोरं दगड घेऊन निघून जायची. मी एकदा काठी घेऊन गेलो, पण काठी घेऊन पळता येत नाही, आणि थोरल्याच्या कुत्र्याला काठी मारली तर नवीन भांडण उभं राहायचं. म्हणून मी वस्तीच्या अलीकडनं माघारी फिरायचो. तीन जायचं, तीन यायचं. सहा किलोमीटरच्या पुढं माझी तयारी कधी गेलीच नाही.

त्या पावसाळ्यात पहिल्या स्पर्धेला उभा राहिलो, तेव्हा जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या केल्या. पोरानं दोन दिवस आधी आणलेले कोरे बूट घातले. सुती बनियन घातलं. सकाळी घरातनं निघताना अंगात ताकद राहावी म्हणून दोन भाकरी खाल्ल्या. सुटल्यावर ढोल-ताशे वाजत होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सातारकर टाळ्या वाजवत होते, आजूबाजूला हजारो माणसं. मी त्या लोंढ्याबरोबर उधळलो. पुतण्याचं सांगणं विसरलो, आबांचंही विसरलो. आबा म्हणायचे, "पयलं तास बैलाच्या चालीनं काढावं. पयल्याच तासाला बैल पळवला की दुपारी बसतो."

मी घाटाच्या निम्म्यात बसलो. कठड्यावर. पोटात भाकरी दगडासारखी, पायाचा अंगठा बुटात ठेचलेला. खाली सगळा सातारा दिसत होता आणि समोर अजिंक्यतारा धुक्यात अर्धा बुडालेला. माझ्याच वयाच्या एक बाई हळूहळू माझ्या पुढनं गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "बसू नका दादा. चालत ऱ्हावा. बसलं की पाय धरतात." त्यांच्या मागनं उठलो. चालत वर गेलो. वाटलं, उतार लागला की सोपं. पण उताराला प्रत्येक पावलाला अंग आवरून धरायला लागतं, त्यानं मांड्या पार मोडून गेल्या. बनियन घामानं आणि पावसानं भिजून छातीला घासलं, तिथं रक्त आलं होतं. पोचलो तेव्हा ३ तास २२ मिनिटं झाली होती.

मेडल घेऊन गावात आलो. पारावर एकानं विचारलं, "कितवा आला?" मी आकडा सांगितल्यावर सगळे हसले. दुसरा म्हणाला, "शहरातल्या रिकामटेकड्यांचा नाद हाय तो, शेतकऱ्याचं काम न्हवं." मी म्हटलं, "माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकात ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पळाली. ती कुठल्या शहरातली?" तो गप्प बसला. पण मलाही ठाऊक होतं, आपण काही ललिता नव्हे. अंगठ्याचं नख काळं पडून पुढं गळालं. आठ दिवस जिना उतरताना मागं तोंड करून उतरत होतो.

दिवाळीनंतर परत पळायला लागलो. पायापेक्षा एक नंबर मोठे बूट घेतले, कारण पळताना पाय सुजतो. बनियन सोडलं. घासतं तिथं व्हॅसलीन लावायला शिकलो. पण सहा किलोमीटरचं कुंपण काही सुटत नव्हतं.

आणि मग एका रविवारी असं झालं, की वस्तीजवळ आलो आणि कुत्रं आलंच नाही. बघितलं तर गोठ्याच्या खांबाला साखळीनं बांधलेलं. भुंकत होतं, पण जागेवरनं. मी पुढं निघून गेलो. त्या दिवशी नऊ किलोमीटर झालं. मंगळवारी परत बांधलेलं. गुरुवारी परत. मी मंगळवार, गुरुवार, रविवार पळायचो. बुधवारी मोटरसायकलनं तिथनं गेलो, तर कुत्रं मोकळं आणि गाडीच्या मागं लागलं.

पुतण्याचंच काम हे, असं मी धरून चाललो. त्याला विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारल्या की बिघडतात.

आता रस्ता मोकळा झाला होता. रविवारचं पळणं दर आठवड्याला एक-एक किलोमीटरनं वाढवत नेलं. दहा, बारा, चौदा. चौथ्या आठवड्याला थोडं कमी करायचं, परत वाढवायचं. आल्याच्या पिकाचंही असंच असतं. एकदम खत-पाणी मारलं की वर पाला माजतो आणि खाली गड्डा कुजतो. जमिनीला पचेल तेवढंच द्यायचं, नऊ महिने धीर धरायचा. बैशाखाच्या उन्हात सोळा किलोमीटर पळून आलो त्या दिवशी बायकोनं काही न बोलता कोकमाचं सरबत पुढं केलं. डॉक्टरांकडं तीन महिन्यांची साखर तपासली, तीही उतरली होती.

२०१८ च्या उन्हाळ्यानंतर पुतण्या भरती झाला. ट्रेनिंगला गेला. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी निघतानाच मनाशी ठरवलं, आता तीन किलोमीटरवरनं माघारी. वस्ती आली. अंधारच होता. कुत्रं खांबाला बांधलेलं होतं.

मी कॅनॉलवर थांबलो. गोठ्यात बॅटरीचा उजेड हलत होता. वस्तीवर तेव्हा थोरला आणि वहिनी दोघंच. वहिनींना गुडघ्यानं उठवत नव्हतं. म्हणजे सत्तरीला टेकलेला माझा भाऊ आठवड्यातनं तीन दिवस, पहाटे पाचच्या आत उठून, ज्याच्याशी बारा वर्षं बोलला नाही त्याच्यासाठी कुत्रं बांधत होता. आणि मी गेला की सोडत होता.

त्या दिवशी मी बोललो नाही. पुढचे दोन महिनेही नाही. चढाला पळताना जसा दम अडकतो, तसा शब्द अडकायचा. वस्ती आली की मी आपोआप जोरात पळायला लागायचो.

त्या वर्षीच्या स्पर्धेला मी सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. पहिले पाच किलोमीटर बैलाच्या चालीनं काढले. शेजारच्याशी बोलत घाट चढलो, जिथं बोलता येईना तिथं चाललो, पण बसलो नाही. उताराला पावलं आखूड ठेवली. नेहमीच्या न्याहारीपेक्षा वेगळं काही खाल्लं नव्हतं. २ तास ५८ मिनिटं. चोवीस मिनिटं कमी झाली होती. पोरगा फोनवर म्हणाला, "एवढी इम्प्रूव्हमेंट कशी काय?" मी म्हटलं, "सराव वाढवला." पण तो सराव कुणामुळं वाढला, हे मला ठाऊक होतं.

पुढच्या मंगळवारी पाय दुखत होते तरी निघालो. वस्तीजवळ आल्यावर पळणं थांबवलं आणि पट्टीवरनं खाली उतरलो. थोरला वैरण टाकत होता. मी म्हटलं, "दादा, कुत्रं बांधत जाऊ नका. आता वळखतं ते मला."

त्यानं वर बघितलं नाही. हातातली वैरण टाकून झाल्यावर म्हणाला, "वळखतं. पण पळणाऱ्याच्या मागं लागायची खोड जात न्हाय त्याची." मग थोड्या वेळानं, "किती लागलं औंदा?"

"दोन अठ्ठावन्न."

"गेल्या साली तीन बावीस हुतं न्हवं?"

मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. मान हलवली. वहिनींनी आतनं चहाची हाक दिली. त्या दिवशीचं पळणं तिथंच संपलं.

२०१९ ला २ तास ४७ मिनिटं झाली. करोनात स्पर्धेला गेलो नाही, पण कॅनॉल सोडला नाही. २०२२ ला वय लागलं, २:५१. २०२३ ला २:३८, ते माझं सगळ्यात चांगलं. आता ६६ पुरी झाली, त्याच्या खाली काही येईल असं वाटत नाही, आणि आलं नाही तरी चालेल. साखर आटोक्यात आहे.

विहिरीच्या पाळीचं अजून नीट मिटलेलं नाही. बांधाचंही नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आवाज चढतो. पण आता भांडतो ते बोलून भांडतो.

ते काळं कुत्रं मागच्या वर्षी म्हातारं होऊन गेलं. थोरल्यानं नवीन पिल्लू आणलंय, तांबडं. परवा रविवारी गेलो, तर खांबाला बांधलेलं होतं.