उजेडाचा पाचोळा

छतावरून टेबलावर वाळकी पानं पसरतात, आणि ती नुसत्या उजेडाची असतात! हात फिरवा, सळसळत बाजूला सरतात. हे पाहून आल्यापासून मी भेटेल त्याला तेच सांगत सुटले आहे. आज तुमची पाळी.

सध्या मी मुलीकडे, नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला आहे. तिची शेजारीण इथल्या एका नर्सिंग होममध्ये डिमेन्शियाच्या विभागात सेवा म्हणून जाते. तिच्यासोबत मीही गेले, आणि तिथे भेटलं हे ‘तोव्हरताफेल’, म्हणजे जादूचं टेबल. टेबल खरं तर साधंच, रोजच्या जेवणाचं. जादू वर छताला टांगलेल्या पेटीत. तिच्यातला प्रोजेक्टर टेबलावर चित्रं पाडतो आणि इन्फ्रारेड सेन्सर हातांची हालचाल टिपतात. हातात काही धरायचं नाही, बटण शोधायचं नाही, कुणी काही शिकवायचं नाही!

टेबलाशी चौघं बसली होती. एक आजोबा मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून, अगदी निश्चल. टेबलावर रंगीत चेंडू आला आणि घरंगळत त्यांच्यापुढे थांबला. मी श्वास रोखून बघत होते. आजोबांचा हात मांडीवरून वर आला, चेंडूला टपली बसली, चेंडू थेट समोरच्या आजींकडे! आजींनी परतवला. मग आजोबांनी मान वर केली आणि चेंडू सोडून आजींकडे पाहिलं. आजी हसल्या. शेजारणीने माझा दंड घट्ट धरला होता, की मी तिचा, आता आठवत नाही.

हे सुचलं कुणाला? हेस्टर ल रिश या डच बाईंना. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात त्यांच्या पीएच.डी.चा विषयच हा होता: डिमेन्शिया बळावलेल्या माणसांना खेळातून हलतं-बोलतं कसं करायचं. 2015 मध्ये टेबल बाजारात आलं. मला सगळ्यात भावलं ते त्यामागचं निरीक्षण. या आजारात माणूस तासन्‌तास बसून राहतो तो आळसाने किंवा रुसून नव्हे. आपणहून सुरुवात करण्याची मेंदूची ताकदच ओसरते. समोरून कुणी साद घातली तर प्रतिसाद मात्र अजून देता येतो. टेबल पहिली हाक मारतं, एवढंच! टेबलावरचा बुडबुडा फुटला तरी छान, निसटला तरी छान. चूक नाही, गुण नाहीत, हार नाही.

नर्सिंग होममध्ये बिछान्यातून कुणी उठलं की नर्सला कळवणारे सेन्सरही असतात, आणि रात्रपाळीला त्यांचा आधार मोठा. असली यंत्रं हवीतच. पण ती पडणं-धडपडणं टाळतात. दिवस कसा जावा, याचा विचार करणारं यंत्र मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याच्या भरवशावर माणसांना सोडून कर्मचारी निघून गेले तर मात्र सगळं फुकट. इथली नर्स खुर्ची ओढून त्यांच्यातलीच एक होऊन खेळत होती.

आणि म्हणींचा खेळ! टेबलावर अर्धी डच म्हण उमटते, उरलेली बसलेल्यांनी पूर्ण करायची. तोवर गप्प असलेल्या एका बाईंनी ती खणखणीत आवाजात पूर्ण केली. मुखोद्गत झालेलं असं पुष्कळदा बाकीचं विसरल्यावरही टिकून असतं. आपल्याकडे ‘अति तिथे’ म्हटल्यावर ‘माती’ आल्याशिवाय राहील का?

तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. किंमत काही हजार युरो आहे, आपल्या बहुतेक वृद्धाश्रमांना जड जाईल. पण देणगीदार खोल्यांना नावं देतात तसे एखाद्या टेबलालाही देतील की! पेटी टांगायची तिथे, टेबलाच्या वर, नेमका आपला पंखा असतो, तर टेबल हलवू. खेळ मात्र आपले हवेत. ठिपक्यांची रांगोळी, बोट फिरेल तशी रेघ उमटणारी. अंगणातला प्राजक्ताचा सडा, हाताने गोळा करायचा. आणि तांदूळ निवडणं! उजेडाचे तांदूळ, मधूनच एखादा खडा, बोटाने ढकलला की टक्कन आवाज करत ताटाबाहेर. जन्मभर निवडणटिपण केलेल्या बायकांच्या हातांना ते सांगावंही लागणार नाही. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, नाशकात प्रोजेक्टर आणि सेन्सरशी खेळणारी इतकी हुशार पोरं आहेत. बनवा रे कुणीतरी, पहिल्या दिवशी आजींशेजारी तांदूळ निवडायला मी येते!