बुवांचे पथ्यपाणी

खाण्यापिण्याच्या बाबतीत माणसाचे लाड पुरवणे एक वेळ सोपे. कारण त्याला काय हवे ते तो बोलून दाखवतो. मुक्या जिवाचे तसे नाही. तो तोंड फिरवतो, एवढेच. त्या तोंड फिरवण्याचा अर्थ लावण्यात घरातल्या चार शहाण्या माणसांचे किती दिवस खर्ची पडावेत, याचा अनुभव आम्ही गुरुग्रामच्या आमच्या बिऱ्हाडी एका सरड्याच्या कृपेने घेतला.

हा सरडा कुंपणावरचा नव्हे. बिअर्डेड ड्रॅगन ही मध्य ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशातील जात. भ्याला किंवा रागावला म्हणजे तो गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो. ती हुबेहूब दाढीसारखी दिसते. म्हणून आमच्या कन्येने त्याचे बारसे 'बुवा' असे केले. ओळखीच्या एका कुटुंबाची बदली झाली, तेव्हा २०१९ च्या दिवाळीनंतर आपल्या कागदपत्रांसह बुवा आमच्याकडे आले. आपल्याकडील घोरपड किंवा राजस्थानातला सांडा यांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे. त्यांना घरी पाळता येत नाही. परदेशी प्राण्यांविषयीचे नियमही अलीकडे कडक होत आले आहेत. तेव्हा असा पाहुणा आणण्यापूर्वी कागद अवश्य पाहावेत.

बुवांची खोड एकच होती. सुपरवर्म नावाच्या गुबगुबीत अळीवाचून त्यांना दुसरे काही चालत नसे. पाला पुढे केला की ते डोळे मिटून घेत. जानेवारीत त्यांच्या पायांना किंचित कंप सुटलेला दिसला, म्हणून पशुवैद्यांकडे नेले. क्ष-किरण चित्र पाहून ते म्हणाले, "हाडे मऊ होऊ लागली आहेत. अजून वेळ गेलेली नाही, पण आहार बदलावा लागेल." घरी परतताना कन्या गाडीत एक अक्षर बोलली नाही. डबा मात्र तिने मांडीवर घट्ट धरून ठेवला होता.

रोगाचे कारण समजून घेण्याजोगे आहे. या प्राण्याच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट असावे लागते. बहुतेक किड्यांच्या अंगी हे प्रमाण नेमके उलटे असते. शिवाय सुपरवर्ममध्ये चरबी फार. अशा अळ्यांवरच वाढणारे पिल्लू दिसते गुटगुटीत, पण रक्तातली उणीव भरून काढण्यासाठी त्याचे शरीर स्वतःच्याच हाडांतले कॅल्शियम ओढून घेते.

पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न किड्यांविषयी विचारलाच नाही. "त्याच्या बसायच्या दगडावर तापमान किती असते?" असे त्यांनी विचारले. सरपटणाऱ्या प्राण्याला अंगची ऊब नसते. बाहेरच्या उष्णतेवर त्याचे पचन चालते आणि पचन झाले नाही तर भूकही लागत नाही. दिल्लीच्या जानेवारीत पहाटेचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. बुवांना ऊन खाण्याच्या जागी सुमारे ४० अंश सेल्सिअस हवे होते. दुसरे असे की, कॅल्शियम अंगी लागण्यास लागणारे ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी अतिनील किरण हवेत, आणि खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. काचेआडचे कोवळे ऊन आपल्याला सुखाचे वाटले तरी सरड्याच्या उपयोगाचे नाही. तेव्हा उष्णतेचा एक आणि अतिनील किरणांचा एक, असे दोन दिवे प्रथम आले.

मग सुरू झाली खाद्याची निवड. उपवर कन्येच्या बापाने स्थळे पाहावीत, त्या चिकाटीने आम्ही किडे पाहू लागलो.

पहिले स्थळ रातकिड्यांचे. अंगाने हलके, चपळ, चरबी माफक. पण रात्रभर किरकिर; आणि न खाल्लेले रातकिडे पेटीत राहिले तर ते झोपलेल्या सरड्यालाच चावतात. दुसरे स्थळ ड्युबिया नावाच्या परदेशी झुरळांचे. गुणांनी हे सर्वांत उजवे: आवाज नाही, गुळगुळीत काचेवर चढता येत नाही, अंगात मांस भरपूर. आईने मात्र कपाळाला हात लावला. "अरे, एका हाताने झुरळांचे औषध आणतोस आणि दुसऱ्या हाताने झुरळे पाळतोस?" या प्रश्नाला उत्तर नव्हते, ते स्थळ मोडले. पिठातल्या अळ्या, ज्यांना मीलवर्म म्हणतात, त्या गव्हाच्या कोंड्यात घरीच वाढतात. पण त्यांची गणना अधूनमधूनच्या खाऊत करावी. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांत मात्र कॅल्शियम मुळातच भरपूर असते.

शेवटचे स्थळ रेशमाच्या किड्यांचे. जालना-बीडकडे शेतकरी ज्यांच्यासाठी तुती लावतात, तेच हे. मऊ, रसदार, चरबीने कमी. अडचण एवढीच की त्यांना तुतीचा पाला लागतो आणि दिल्लीकडची तुती हिवाळ्यात पाने गाळते. वसंतात ती पुन्हा पालवली तेव्हा रस्त्यापासून दूरच्या झाडांचा पाला आम्ही धुऊन आणू लागलो.

बागेतले किडे मात्र आम्ही वर्ज्य ठरवले. शहरात डासांसाठी धूर सोडतात, झाडांवर औषधे मारतात. ते विष किड्यातून सरड्यात उतरते. काजव्याच्या तर अंगीच विष असते. काजवे खाऊन हे सरडे दगावल्याची नोंद १९९९ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केली आहे. २७ जून २०२० रोजी टोळधाड गुरुग्रामवरून गेली, तेव्हा लोक खिडक्या बंद करून थाळ्या वाजवीत होते. कन्या म्हणाली, "बाबा, बुवांना चार टोळ पकडून देऊ या ना!" टोळ हे या सरड्यांचे उत्तम अन्न खरे, पण त्या धाडीवर जागोजागी फवारणी चालली होती. नाही म्हणणे भाग होते.

आमचे घर शाकाहारी. रोज जिवंत किडे घरात येणार, ही गोष्ट आईला सहजी पटण्यासारखी नव्हती. दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्याला देवाने जसे घडवले तसे तो खाणार. पण त्या किड्यांना तरी उपाशी ठेवू नका." दयेपोटी ती जे बोलली तेच शास्त्रही सांगते. किड्याच्या पोटात जे असेल तेच शेवटी सरड्याच्या पोटात जाते. म्हणून तो खाऊ घालण्यापूर्वी एक-दोन दिवस त्याला सकस खाद्य द्यावे लागते. तेव्हापासून गाजराचे तुकडे आणि भोपळ्याच्या साली आई वेगळ्या काढून ठेवू लागली.

बदल एका दिवसात झाला नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुपरवर्म हळूहळू कमी केल्या. सकाळी बुवांचे अंग चांगले तापल्यावरच अन्न पुढे ठेवायचे, ते हलते असायचे, किडा त्यांच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसायचा आणि त्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरवलेली असायची, असा नेम ठरला. तीन आठवडे त्यांनी आमची परीक्षा पाहिली. मग एका सकाळी रातकिड्यावर झडप पडली. कन्येने आनंदाने ओरडू नये म्हणून दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले. रेशमाच्या किड्याला तर त्यांनी पुढे कधीच नकार दिला नाही. मोहरीची कोवळी पाने आणि जास्वंदीची फुलेही त्यांच्या आहारात आली. पालक तेवढा टाळला. त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. पुढच्या क्ष-किरण चित्रात हाडे भरू लागलेली दिसली.

खाण्याचा हट्ट आपण बहुधा स्वभावावर ढकलतो, मग तो लेकराचा असो की सरड्याचा. पुष्कळदा त्याच्या मुळाशी गारठा असतो, अपुरा उजेड असतो, किंवा आधी लागलेली एखादी सवय असते. ते सारे शोधायला थोडी चिकाटी लागते. पूर्ण वाढ झाल्यावर बुवांचे जेवण मुख्यतः पाल्याचे झाले आणि किडे आठवड्यातून दोन-तीनदा आले. सुपरवर्म त्यांना महिन्याकाठी एखादी मिळते, सणाच्या जिलबीसारखी. आणि ती वाढण्याचा मान आईचा असतो.