राज्याचा वकील आणि आपले मत

अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी ४३ राज्यांत राज्याचा सर्वोच्च विधी अधिकारी मतदार निवडून देतात. अमरावती-अकोल्याकडील आम्हां मंडळींना याचे नवल वाटते. ग्रामपंचायतीच्या सदस्यापासून खासदारापर्यंत अनेकांना आम्ही मते दिली. परंतु महाधिवक्त्यासाठी कधी मतदान केले नाही. राज्यघटनेच्या १६५व्या अनुच्छेदानुसार त्याची नेमणूक राज्यपाल करतात व त्यांची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. व्यवहारात ही मर्जी मंत्रिमंडळाचीच असते. १७७व्या अनुच्छेदाने त्याला विधिमंडळात बोलण्याचा अधिकार दिला आहे, मतदानाचा नाही.

२०१६ साली हा विषय आमच्या उंबरठ्याशी आला. लोकनायक बापूजी अणे यांचे नातू श्रीहरी अणे तेव्हा महाधिवक्ता होते. वेगळ्या विदर्भाचा ते उघड पुरस्कार करीत. मार्च महिन्यात जालन्यात त्यांनी वेगळ्या मराठवाड्याचीही भाषा केली. विधिमंडळात गदारोळ उडाला आणि २२ मार्चला त्यांनी राजीनामा दिला.

आमच्याकडे हा वाद जुनाच. १९४७ साली अकोला करार झाला, १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात. तरी एकाच घरातील दोघे भाऊ आजही यावर दोन टोकांना असतात. साहजिकच अण्यांच्या राजीनाम्याने कोणी हळहळले, कोणी सुटकेचा निःश्वास टाकला.

वाचकहो, महाधिवक्ता निवडून आला असता तर? विदर्भाचे जिल्हे ११, महाराष्ट्राचे ३६. उमेदवार बहुसंख्यांना रुचेल तेच बोलला असता. आणि अखंड राज्याची बाजू मांडणाऱ्या वकिलाने त्याच राज्याचे विभाजन जाहीरपणे मागावे काय, ही शंकाही अनाठायी म्हणता येत नाही. तथापि पदावरील माणूस मर्जीवर राहतो, तेव्हा ‘हे कायद्यात बसत नाही’ असे सरकारला सुनावणे त्याला जड जाते. होरमसजी सीरवाई १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे या पदावर राहिले. इतके स्थैर्य लाभले तर सल्ल्याला निर्भयता येऊ शकते.

म्हणून आम्हांला महाधिवक्ता मतपत्रिकेवर नको. मात्र तो मुदतीआधी गेला, तर का गेला याचे निवेदन सरकारने विधिमंडळापुढे ठेवावे. तिथे बसणारे आमदार तरी आमच्या मतांवर निवडून आलेले असतात. त्यांना जाब विचारणे आमच्या हाती आहे.