प्रॉबेबल आणि प्रॉबेबली

बाबांचा सीटी स्कॅनचा रिपोर्ट हातात आला आणि माझी नजर एकाच शब्दावर अडकली: 'प्रॉबेबल'. पुढे आजाराचं लांबलचक नाव. तो कागद मी तीनदा वाचला. मग डॉक्टर बाहेर आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नका, प्रॉबेबली औषधानेच बरं वाटेल." दोन्ही शब्द एकाच घरातले, पण पहिल्याने धडकी भरवली आणि दुसऱ्याने धीर दिला.

शाळेत शिकलो, आधी विशेषण, मग त्याला 'ली' जोडून क्रियाविशेषण. म्हणजे एक मूळ, दुसरं त्याचं शेपूट. प्रत्यक्ष इंग्रजी वेगळंच सांगते. 1994 मध्ये पूर्ण झालेल्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या इंग्रजी मजकुरांच्या संग्रहात सुमारे 10 कोटी शब्द आहेत, त्यातले कोटभर बोलण्यातले. तिथे 'प्रॉबेबल'पेक्षा 'प्रॉबेबली' कित्येक पटींनी जास्त सापडतो. विशेषण कोर्टाच्या आणि शास्त्राच्या कागदांत राहिलं, क्रियाविशेषण मात्र तोंडोतोंडी झालं. आपल्या मराठी बोलण्यातही 'ॲक्चुअली' असाच घुसला आहे. उलट 'बिग', 'ओल्ड', 'रेड' यांच्या 'ली'वाचून इंग्रजांचं सहसा अडत नाही.

वस्तूचा रंग, आकार सांगायला विशेषण पुरतं. पण जे बोलतोय त्याची आपल्याला कितपत खात्री आहे, हेही माणसाला सांगावं लागतं, आणि ते दिवसभर सांगावं लागतं. आपल्याकडे 'बहुतेक', 'खरं तर', 'बहुधा' हेच काम करतात. 'बहुधा'ही मुळात 'बहु' या विशेषणाचंच बोट धरून आलेला.

'ली'चं मूळ जुन्या इंग्रजीत शोधलं तर तिथे 'देह' या अर्थाचा शब्द भेटतो. इंग्लंडमधल्या अनेक चर्चच्या आवाराला छपराचं दार असतं, 'लिचगेट'. शवपेटी तिथे टेकवून धर्मगुरूंची वाट पाहत. त्यातला 'लिच' तोच. एवढ्याशा प्रत्ययात कधीकाळी अख्खा देह मावला होता. मला वाटतं, आजही त्यात बोलणाऱ्याचा श्वास असतो.

संध्याकाळी आईला फोन केला. रिपोर्टमधला शब्द सांगितला नाही. "डॉक्टर म्हणाले, बहुधा औषधानेच बरं वाटेल," एवढंच बोललो. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सकाळी मी त्यांच्यासाठी मऊ भात घेऊन येते."