टेल्कोच्या गावातून गाथांच्या वाड्याकडे

काळेवाडीत 'टाटा मोटर्स' हे नाव फारसं कुणाच्या तोंडी येत नाही. कंपनीचं नाव 2003 साली बदललं, तरी जुन्या कामगारांची ती 'टेल्को'च आहे. पहिल्या पाळीला, दुसऱ्या पाळीला, निवृत्तीनंतर पीएफला, सगळीकडे टेल्को. 1966 साली टेल्कोचा पुण्याचा कारखाना पिंपरी-चिंचवडच्या माळावर उभा राहू लागला, त्यानंतर सातारा, सोलापूर, बीड, लातूरकडची माणसं आली आणि काळेवाडी, थेरगाव, रहाटणी ही शेतांची गावं चाळींनी आणि मग इमारतींनी भरून गेली. आमच्या गल्लीत एक काका आहेत, उभी हयात टेल्कोच्या फाउंड्रीत गेलेली. त्यांच्या घरात देवघराशेजारी जे. आर. डी. टाटांचा फोटो आहे. मी त्यांना विचारलं, ''काका, जेआरडींचा धर्म कोणता हो?'' ते म्हणाले, ''पारशी. अग्नीची पूजा करतात.'' थोडं थांबून म्हणाले, ''त्यापुढचं मलाबी नाही माहीत. तूच बघून ये आणि सांग.''

ज्यांच्या कारखान्यावर आपल्या दोन पिढ्यांच्या चुली पेटल्या, त्यांच्या धर्माबद्दल आपल्याला एका वाक्यापुढे काही सांगता येऊ नये, ही गोष्ट मला टोचत राहिली. म्हणून काळेवाडी फाट्यावरून शेअर रिक्षाने पिंपरीला आलो आणि पुण्याची मेट्रो धरली.

नाशिक फाट्यापाशी मेट्रोच्या खिडकीतून दुमजली उड्डाणपूल दिसतो. त्याला भारतरत्न जे. आर. डी. टाटांचं नाव दिलंय. या नावामागे एक खटला आहे. जेआरडींचे वडील रतनजी दादाभाई टाटा यांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी लग्न केलं. सुझानची नवजोत झाली, तिने पारश्यांचा जरथुश्ती धर्म स्वीकारला. तेव्हा प्रश्न उभा राहिला की, धर्मांतरानं आलेल्या बाईला पारशी पंचायतीच्या अग्यारीत, म्हणजे अग्निमंदिरात, आणि दोखम्यात, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्यात, जागा आहे का? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती दिनशा दावर आणि बीमन यांनी 1908 मध्ये निकाल दिला. धर्मात येणं शास्त्राला मान्य असेल, पण पंचायतीच्या विश्वस्त निधीवर हक्क फक्त इराणहून आलेल्या पारश्यांच्या वंशजांचा, इराणहून नंतर आलेल्या जरथुश्ती लोकांचा, आणि ज्यांचे वडील पारशी आहेत व ज्यांना रीतसर धर्मात घेतलंय अशा मुलांचा. त्या व्याख्येनं आई बाहेर राहिली आणि 1904 साली पॅरिसमध्ये जन्मलेला मुलगा आत आला. आज शंभरहून अधिक वर्षं पारशी समाज हीच व्याख्या घेऊन भांडतो आहे. परजातीत लग्न केलेल्या मुलीचं काय, तिच्या लेकरांचं काय, हे प्रश्न तिथूनच निघतात. रोज हजारो दुचाकी त्या पुलावरून जातात. मला वाटतं, ज्या माणसाचं नाव त्या पुलावर आहे त्याच्या आईची ही गोष्ट त्यांच्यापैकी कुणीतरी सांगायला हवी.

दापोडी ओलांडली, गाडी जमिनीखाली शिरली आणि मी मंडईला उतरलो. बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्यापर्यंत चालत पाचेक मिनिटं. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्याचं नक्षीदार लाकडी सज्जा असलेलं दर्शनी रूप सगळ्यांनी पाहिलेलं असतं. 1821 मध्ये एलफिन्स्टनच्या काळात इथे संस्कृत पाठशाळा भरू लागली, तिचंच पुढे पूना कॉलेज आणि 1864 पासून डेक्कन कॉलेज झालं. 1859 ते 1866 या काळात इथे संस्कृतचा प्रमुख म्हणून मार्टिन हौग नावाचा जर्मन पंडित होता. जरथुश्ती धर्माच्या अभ्यासाला जे वळण लागलं, त्यातलं एक फार मोठं वळण या वाड्याशी जोडलेलं आहे.

त्या आधीची वीस वर्षं पारश्यांसाठी कसोटीची होती. 1839 साली मुंबईत दोन पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, कोर्टकचेरी झाली. मिशनरी जॉन विल्सन यांनी 1843 साली पारशी धर्मावर मोठा ग्रंथ लिहून अवेस्ता या पारश्यांच्या धर्मग्रंथावर टीकेची झोड उठवली. तुमच्या धर्मात दोन देव, एक चांगला आणि एक वाईट, मग तो खरा धर्म कसा, असा त्यांचा सवाल. अवेस्ताची भाषा त्या वेळी बहुतेक मोबेदांनाही, म्हणजे पारशी पुरोहितांनाही, कळत नव्हती. पाठ तोंडात होता, अर्थ हरवलेला होता. हौगनं वैदिक संस्कृतच्या आधारानं ती भाषा उलगडली आणि दाखवून दिलं की यस्न या पूजाग्रंथाच्या 72 अध्यायांत दडलेल्या सतरा स्तोत्रांची, म्हणजे गाथांची, भाषा बाकीच्या अवेस्तापेक्षा जुनी आहे. त्याच्या मते खुद्द प्रेषित जरथुश्त्राचे शब्द फक्त तेवढेच. त्या गाथांत स्वामी एकच आहे, अहुरा मज्दा. चांगली आणि वाईट प्रवृत्ती एकमेकींसमोर उभ्या आहेत आणि माणसानं स्वतः ऐकून, स्वतः विचार करून त्यांतली एक निवडायची आहे. 1861 मध्ये त्यानं पुण्यात या विषयावर व्याख्यान दिलं, 1862 मध्ये पारश्यांची पवित्र भाषा आणि धर्म यांवरचे त्याचे निबंध मुंबईत छापून आले, आणि विल्सनला उत्तर देण्यासाठी पारशी सुधारकांच्या हाती आधार आला. सनातनी पारश्यांना मात्र त्याचं सगळं पटलं नाही, आजही पटत नाही; त्यांच्या दृष्टीनं गाथांइतकेच नंतरचे विधीही जरथुश्त्राच्याच परंपरेचे आहेत.

हौगनं ऐतरेय ब्राह्मण या वैदिक यज्ञविधींच्या ग्रंथाची आवृत्ती काढली ती 1863 मधली. यज्ञ नुसता वाचून कळेना म्हणून त्यानं एका श्रोत्रिय ब्राह्मणाला राजी करून यज्ञविधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, टिपून घेतले, आणि पारश्यांच्या यस्नविधीशी ताडून पाहिले. सोमाच्या जागी हओम, यज्ञाच्या जागी यस्न, दोन्हीकडे कुटलेल्या वनस्पतीचा रस आणि अखंड पाठ. पेठेतल्या भिक्षुकाच्या घरी आणि कॅम्पातल्या दस्तुराच्या, म्हणजे पारशी मुख्य धर्मगुरूच्या, घरी एकाच जुन्या घराण्याचे संस्कार हजारो वर्षं वेगवेगळे जपले गेले होते आणि ते एकमेकांना पुण्यातच भेटले, हे वाचताना मला खरोखर भरून येतं.

या कामात हौगच्या बरोबरीनं नाव घ्यायला हवं ते दस्तूर होशंग जामास्प यांचं. दख्खनच्या दस्तुरांच्या घराण्यातले हे विद्वान. 1867 मध्ये झंद-पहलवी शब्दकोश, 1872 मध्ये 'अर्दा विराफ'चा ग्रंथ, दोन्ही हौगसोबत. आणि 1907 मध्ये, आयुष्याच्या अगदी अखेरीस, अवेस्तातल्या वेंदिदाद या ग्रंथाची पहलवी, म्हणजे जुन्या फारसी, भाषांतरासह आवृत्ती. ते डेक्कन कॉलेजात प्राध्यापकही होते. कॅम्पातल्या मुलांच्या शाळेला 'सरदार दस्तूर होशंग' हे नाव आहे. पुण्यात शास्त्र्यांची आठवण आपण कौतुकानं काढतो, दस्तुरांचीही काढायला हवी.

वाड्यापासून नारायण पेठेत मोदी गणपतीला गेलो. पेशवाईच्या अखेरीस इंग्रज रेसिडेन्सीत खुश्रूशेट मोदी नावाचे पारशी अधिकारी होते. पेशव्यांच्या दरबारात त्यांचं मोठं वजन होतं. 1815 मध्ये विषानं त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या बागेतला गणपती तो मोदी गणपती.

तिथून रिक्षानं नाना पेठेत. इथे सरदार सोराबजी रतनजी पटेल यांची अग्यारी आहे. पारश्यांखेरीज कुणाला आत प्रवेश नाही. मी फाटकाबाहेर उभा असताना डोक्याला रुमाल बांधलेल्या एक वयस्कर बाई सुखडाची, म्हणजे चंदनाच्या तुकड्यांची, पुडी घेऊन आल्या. मी नमस्कार केला आणि विचारलं, ''आंटी, थोडं विचारू का?'' त्या म्हणाल्या, ''विचार ना, दीकरा. बघायला नाही मिळणार, पण ऐकायला तर मिळेल.''

त्यांनी जे सांगितलं आणि मी जे वाचून गेलो होतो, ते मिळून असं. आत अफर्गन्यू नावाच्या मोठ्या धातूच्या पात्रात अग्नी असतो आणि तो विझू द्यायचा नसतो. दिवसाचे पाच गाह, पाच प्रहर. प्रत्येक गाहात मोबेद तोंडाला पांढरं पदान बांधून, म्हणजे आपला श्वाससुद्धा अग्नीला लागू नये अशा बेतानं, लाकूड वाहतो. याला 'बोई देणं' म्हणतात. त्या वेळी घंटा वाजवून वाईट विचार, वाईट वाणी आणि वाईट कृती यांना हाकलून लावतात. भक्त सुखड देतात, कपाळाला रक्षा लावतात आणि परततात. नुसतं 'अग्नीची पूजा' म्हटलं की पारशी माणूस दुखावतो; त्यांच्यासाठी तो अहुरा मज्दाच्या प्रकाशाची खूण आहे, त्याच्यासमोर उभं राहून खोटं बोलायचं नसतं. अग्नीचे तीन दर्जे. सगळ्यांत वरचा आतश बेहराम. तो सिद्ध करायला सोळा ठिकाणचे अग्नी शुद्ध करून एकत्र आणावे लागतात, त्यांत विजेनं लागलेला अग्नीही हवा. असे भारतात आठच आहेत: उदवाडा, नवसारी, सुरतेत दोन, मुंबईत चार.

बाईंनी कमरेपाशी बोट ठेवून कस्तीचं, म्हणजे कमरेच्या पवित्र दोरीचं, सांगितलं. लोकरीच्या 72 धाग्यांची, यस्नाच्या 72 अध्यायांएवढी; कमरेभोवती तीन वेढे, हुमत, हुख्त, हुवर्श्त, म्हणजे सुविचार, सुवचन, सुकृत्य यांचे. आत पांढरा सुती सदरा, त्याच्या गळ्यापाशी एक इवलासा खिसा, गिरेबान, पुण्यकर्मं साठवण्यासाठी. ''नवजोतला आठ वर्षांची होते,'' त्या म्हणाल्या, ''तेव्हापासून एक दिवस नाही चुकला.''

मी दोखम्याचं विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. माती, पाणी आणि अग्नी यांत मढं टाकायचं नाही हा त्यांचा नियम. म्हणून देह गिधाडांना. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधानं देशातली गिधाडं जवळजवळ संपली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. माणसाच्या श्रद्धेवर इतका थेट घाव एखाद्या वेदनाशामकानं घातल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

कॅम्पात दोराबजींकडे जेवलो; ही खानावळ 1878 पासून आहे. धनसाक हा पारशी पदार्थ मागवताना शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आवर्जून सांगितलं की सणाला किंवा लग्नाला धनसाक करायचा नाही, घरात मयत झाल्यावर चौथ्या दिवशी करतात. मग त्यांनीच इतिहास सांगायला घेतला. सासानी साम्राज्य पडल्यावर इराणातून निघालेले लोक, त्यांना आसरा देणारा संजाणचा जादी राणा, हे 'किस्से-ए-संजाण'मध्ये आहे. तो ग्रंथ 1600 च्या सुमारास नवसारीत लिहिलेला. मी त्यांना महाराष्ट्रातले दोन पुरावे सांगितले आणि त्यांना ते ऐकून फार आनंद झाला. कान्हेरीच्या लेण्यांत 1009 आणि 1021 सालचे पहलवी लेख आहेत, तिथे आलेल्या पारश्यांनी कोरलेले. आणि संजाण पडल्यावर इराणशाह हा पवित्र अग्नी बारा वर्षं ज्या डोंगरात लपवून ठेवला, ती बाहरोटची गुहा आपल्या पालघर जिल्ह्यात आहे. अखेर तो अग्नी 1742 मध्ये उदवाड्यात स्थिरावला.

1941 च्या जनगणनेत भारतात एक लाखाहून अधिक पारशी होते, 2011 मध्ये 57,264. गृहस्थ हिशेब करत नव्हते, पण पाच गाहांना बोई द्यायला मोबेद मिळेना झालेत, मुलं मुंबईला, कॅनडाला, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

संध्याकाळी बंडगार्डनला आलो. मुळा-मुठेवरचा हा बंधारा 1850 मध्ये पुरा झाला, त्याच्या खर्चातला मोठा वाटा सर जमशेटजी जीजीभॉय या पारशी दानशूरानं उचलला होता. नदीपलीकडे येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. विश्रामबागवाड्यातलं हौगचं ते कॉलेज 1868 मध्ये तिकडे गेलं, आणि ती इमारत उभारायलाही जीजीभॉय घराण्यानं मोठी देणगी दिली.

पाण्यावर फेस होता. त्यात पवनेचंही पाणी होतं. पवना दापोडीपाशी मुळेला मिळते, मुळा संगमावर मुठेला, आणि तिथून ते इथे येतं. म्हणजे काळेवाडीच्या नाल्यांतलं आणि आमच्या मोऱ्यांतलं सगळं. इराणी माणूस नदीत थुंकत नाही, तीत हातसुद्धा धूत नाही, असं हिरोडोटसनं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवलंय. पाण्याचा हा मान पारश्यांच्या दिनदर्शिकेतही आहे. तिच्यात महिना तीस दिवसांचा आणि प्रत्येक दिवसाला एका यझदाचं, म्हणजे पूजनीय दैवी शक्तीचं, नाव. वर्षाअखेरचे उरलेले पाच दिवस पाच गाथांच्या नावांचे. दिवसाचं आणि महिन्याचं नाव एक झालं की सण. आवा महिन्यातला आवा रोज हा पाण्याचा सण. शहेनशाही या पारशी पंचांगाच्या गणनेनं तो सध्या मार्चच्या उत्तरार्धात येतो. मुंबईत त्या दिवशी लोक समुद्रावर आणि चर्चगेटजवळच्या 1725 सालच्या भिखा बेहराम विहिरीवर प्रार्थनेला जातात.

काकांना परत जाऊन हे सगळं सांगितलं. खटल्याचं त्यांनी दोनदा ऐकून घेतलं. पाण्याच्या सणाचं ऐकल्यावर म्हणाले, ''मार्चमध्ये ना? मग तेव्हा मलाबी घेऊन चल मुंबईला, त्या विहिरीवर.''