लाल सदरा

आजीने आपल्या दुखण्याचे नाव सहा वर्षांत एकदाही घेतले नव्हते. शस्त्रक्रिया झाली, केस गेले, पुन्हा आले. घरात त्याला 'माझं ते मागचं' एवढेच म्हणायचे. आम्हां मंडळींना सगळेच बोलून टाकण्याची खोड. तिच्यापुढे मात्र आम्हीही गप्प.

गेल्या सप्टेंबरात टोरांटोला तिला टेरी फॉक्सची हकीगत सांगितली. हाडाच्या कर्करोगाने १९७७ साली या पोराचा उजवा पाय गेला. १९८० साली तो कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून. रोग फुप्फुसांत पोचला तेव्हाच थांबला.

"बरोबर आई होती का रे?" आजीने विचारले.

"नाही. एक मित्र, गाडी घेऊन."

"मग जेवायला कोण घालायचं?"

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी येते."

त्याच्या नावाच्या या दौडीत नंबर नाही, बक्षीस नाही. रोगातून उठलेल्यांना तेवढा लाल सदरा. आजीने तो पातळावर चढवला आणि वरून पदर घट्ट लपेटून घेतला. मी काही बोललो नाही.

दोनेक किलोमीटर आम्ही देवळाला निघाल्यासारखे चाललो. मागून लाल सदऱ्यातली एक म्हातारी आली. आजीचे इंग्रजी बेताचे. म्हातारीने आपल्या सदऱ्याकडे बोट दाखवले नि चार बोटे वर केली.

आजी थबकली. सहा दाखवायला दोन्ही हात लागतात, पदर सुटला. तो तिने कमरेला खोचला.

मग दोघी बघता बघता पुढे निघून गेल्या. पाण्याची बाटली माझ्याकडेच राहिली.