वर्षं कुणाकडे मागायची?

वर्षांनो, तुमचं सुतक कुणी पाळलं नाही. माणूस गेला की लोक बसायला येतात. कुणाकडे दहावं होतं, कुणाकडे चाळिसावा. तुम्ही पंचवीस गेलात, आणि दारात चार चपलाही दिसल्या नाहीत.

१९९४ चा मे महिना. खानदेशात त्या दिवसांत ऊन पाखरालाही बाहेर पडू देत नाही, केळीची पानं कडेनं करपून जातात. बाबरी पडून दीड वर्ष झालं होतं. तिचा सूड घेण्याचा कट केला, असा आरोप ठेवून भुसावळच्या प्रकरणात अकरा मुसलमानांना टाडाखाली धरलं. पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाबही पुरावा मानणारा, जामिनाची वाट जवळजवळ बुजवून टाकणारा तो कायदा. पुरता बदनाम झाला, आणि वर्षभरात, मे १९९५ मध्ये, मुदत संपून मेला. त्याच्या पोटातले खटले मात्र जगले. भुसावळचा खटला नाशिकच्या विशेष टाडा न्यायालयात २७ फेब्रुवारी २०१९ ला संपला. पुरावा नाही, कायद्यानं घालून दिलेली पद्धतही पाळलेली नाही. अकराही जण निर्दोष.

मधली सगळी वर्षं तुम्ही. जामिनावर बाहेर असलेला माणूससुद्धा तुमच्यात मोकळा नसतो. मला न्यायालय फारसं दिसत नाही. मला दिसतात स्थळाकडून आलेले पाहुणे. चहा होतो, मुलगी पसंत पडते, आणि उठता उठता कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, वडिलांवर कसली केस आहे म्हणे? अशा प्रश्नाला बाप काय उत्तर देत असेल? खटला चालू आहे, एवढंच ना?

भुसावळच्या निकालानंतर सहाव्याच दिवशी, ५ मार्चला, सर्वोच्च न्यायालयानं भटक्या जमातीतल्या सहा जणांना निर्दोष सोडलं. नाशिकजवळच्या एका घरात २००३ मध्ये रात्री झालेल्या हत्याकांडात त्यांना फाशीची शिक्षा झाली होती, आणि २००९ मध्ये याच न्यायालयानं सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली होती. त्या रात्रीतून वाचलेल्या बाईनं तर दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळी माणसं ओळखली होती. सहांपैकी एक जण तेव्हा अल्पवयीन होता. इतकी वर्षं सहा माणसं दोराखाली झोपली, आणि ज्यांनी ते घर उद्ध्वस्त केलं ते मोकळेच राहिले. त्या बाईलाही न्याय मिळाला नाही, हे आपण विसरतो.

अशी वर्षं जपानमध्येही गेली. तिथं इवाओ हाकामादा १९६६ मध्ये पकडले गेले आणि २०२४ मध्ये, ८८ व्या वर्षी, निर्दोष ठरले. फाशीची वाट बघता बघता मन इतकं ढासळलं होतं की न्यायालयात त्यांच्या जागी बहीण उभी राहिली. तिथं निदान कोठडीतल्या दर दिवसाचा हिशेब करून भरपाई दिली. आपल्याकडे विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्ये, २७७ व्या अहवालात, खोट्या खटल्यांत भरडलेल्यांसाठी भरपाईचा कायदा करा म्हणून सांगितलं. तो कायदा अजून झालेला नाही.

पैसे द्याच. अकरा जणांना द्या, रेंगाळत नको. पण १९९४ मध्ये ज्यांनी टाडा लावणाऱ्या कागदांवर सह्या केल्या, त्यांनी आधी त्या अकरा दारांपर्यंत चालत जावं, आणि आमचं चुकलं हे त्यांच्या बायकामुलांसमोर, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगावं.